बियाण्याची बारा कणसं

शनिवारी संध्याकाळी वारा सुटला नसता, तर अण्णांनी आणखी पंधरा दिवस तरी परसातल्या मक्याला कुणाला हात लावू दिला नसता. पण वाऱ्यानं अर्धी ताटं आडवी केली, उरलेली अर्धी अण्णांनी स्वतःच अंधार पडायच्या आत कापली, आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कणसांचा ढीग ओट्याच्या उंचीला आला. आईंनी दोन्ही सुनांच्या हातात एकेक सुरी दिली आणि म्हणाल्या, "आज या घरात दुसरं काही शिजणार नाही. जेवा नाहीतर उपाशी राहा."

हंगामाच्या शेवटची कणसं म्हणजे सगळा उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखा मामला. काही कोवळी, बोटाएवढी, काही दुधाळ, काही वरून झकास दिसणारी पण सोलली की आत मधूनमधून दाणेच नाहीत. तसलं एक कणीस धाकटीनं उजेडात धरलं.

"हे तोंड आमच्याकडे यायला हवं होतं," ती म्हणाली. "दोन बैठकींत बत्तिशी बसवून दिली असती."

धाकटी कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. अण्णांची कवळी तिच्याच हातची. ती आणायला अण्णांनी धाकट्या मुलाला पाठवलं होतं, आणि कवळी घट्ट बसते, सैल बसते, बोलताना वाजते, अशा तक्रारी घेऊन तो पठ्ठ्या सहा वेळा तिथं जाऊन आला. अण्णांना मात्र कवळीचा पहिल्या दिवसापासून काही त्रास नव्हता. लग्नाला आता पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत या स्वयंपाकघरात आपल्या मनानं तिनं एकही पदार्थ केला नव्हता. चहात साखर किती, हेसुद्धा विचारूनच. आज आईंनी पहिल्यांदाच म्हटलं होतं, तुला सुचेल ते कर.

तिला पुष्कळ सुचलं होतं. कोवळ्या कणसांचे दाणे कापून ते लोण्यात परतायला घेतले. दुधाळ कणसं किसणीवर किसली. त्या पांढऱ्या, चिकट किसात कांदा आणि मिरी घालून तव्यावर चकत्या टाकल्या. दाणे काढलेली रिकामी कणसं फेकून न देता मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवली. त्या पाण्याचं सूप होणार होतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली, आणि घरभर गोडसर वास पसरला.

"अजून काय राहिलं?" तिनं थोरल्या जाऊबाईंना विचारलं.

थोरली फोनवर होती. तिचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा. रविवार असूनही त्याची पाळी लागली होती आणि जेवायला येणार की नाही, हे तो नेहमीप्रमाणे सांगत नव्हता. फोन कानाला तसाच ठेवून तिनं मागच्या व्हरांड्याकडे बोट केलं.

"ती पाटी पण घे. निबर झालीत ती. भरडून टाक."

पाटीत बारा कणसं होती. टपोरी, सारख्या उंचीची, आठ आठ ओळींची, आणि दाणे इतके कडक की नखानं ओरखडा उठेना. धाकटीनं दोन कणसं एकमेकांवर घासून दाणे मोकळे केले, मिक्सरमधून थोडेथोडे काढले आणि तो भरडा दुधात मंद आचेवर शिजायला ठेवला. वर लोणी सोडलं. ढवळता ढवळता ती स्वतःशीच गुणगुणत होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

अकराच्या सुमाराला अण्णा सुतळीचा गुंडा घेऊन व्हरांड्यात गेले. कणसं आढ्याला टांगायची होती.

"इथली पाटी कुठाय?" त्यांनी विचारलं.

*

या घरात येऊन थोरलीला बारा वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न कानावर पडताच तिला जे कळायचं ते कळलं.

अण्णा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनं तपासत, खोट्या तराजूंना टाळं लावत फिरले. घरातही सगळं मोजून मापून. मक्याचे वाफे दोरी लावून, रोपांत वीतभर अंतर. आणि हंगामाच्या शेवटी सगळ्यांत चांगली बारा कणसं ताटावरच वाळू द्यायची, ती बियाण्याची. हा पांढरा, बुटका, आठ ओळींचा मका बाजारात कुठं मिळत नव्हता. अण्णांच्या आजीनं तो माहेराहून पदरात बांधून आणला, आजीकडून तो अण्णांच्या आईकडे आला, तिच्याकडून अण्णांकडे. दरवर्षी त्या बारा ताटांना अण्णा लाल धागा बांधत. कालच्या वाऱ्यात घाईघाईनं कणसं खुडली गेली, धागे ताटांवरच राहिले.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं, ओट्यावरच्या बारा रिकाम्या कणसांकडे पाहिलं. ती त्यांनी मोजलीही असावीत.

"सगळी?" ते म्हणाले.

धाकटीच्या हातात पळी तशीच राहिली. "सगळी. का, काय झालं?"

"बियाणं होतं ते."

अण्णा कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

"मागच्या वर्षीचं असेल ना डब्यात?" आई म्हणाल्या.

"पहिली पेर पाखरांनी उकरली. डब्यात होतं नव्हतं ते सगळं दुसऱ्यांदा पेरलं. आणि ही बाकीची," त्यांनी ढिगाकडे हात केला, "यांचा दाणाच भरलेला नाही. ही रुजत नाहीत."

"बाजारात मिळतं की बी," धाकटा मुलगा म्हणाला. तो वीजतंत्री होता आणि जळलेली वस्तू बदलून नवी बसवायची, एवढाच उपाय त्याला ठाऊक होता. आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हातातली चकती घेऊन मुकाट्यानं बाजूला झाला.

"चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. पाच महिने सगळं विचारून केलं आणि आज नेमकं..."

आता बोलायची वेळ थोरलीची होती. तिच्या तोंडाला मात्र कुलूप लागलं. ती वाचनालयात काम करायची. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक शोधून काढणं हा तिचा हातखंडा, आणि आज तिनंच चुकीच्या कपाटाकडे बोट दाखवलं होतं. धाकटीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग मान खाली घालून ती पुन्हा ढवळू लागली, कारण भरडा बुडाला लागत होता.

अण्णा परसात निघून गेले. आईंनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या तिच्याजवळच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं आई आणि थोरली एका बाजूला असत. आज पहिल्यांदाच त्या पलीकडे उभ्या होत्या, आणि ते बघणं थोरलीला सोसवेना.

ती परसात गेली. अण्णा कापलेल्या ताटांमध्ये पालथ्या बादलीवर बसले होते.

"तिला मी सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "ती पाटी घे म्हणून. फोनवर होते, नीट बघितलं नाही. आणि मघाशी तिथं सांगायचं धाडस झालं नाही."

"तू? बारा वर्षं बघतेयस तू."

"म्हणूनच जास्त लाज वाटतेय."

अण्णा बराच वेळ एका ताटाचा लाल धागा सोडवत बसले. गाठ पक्की होती.

"शिक्का नसलेलं वजन दुकानात सापडलं, तर मी कुणावर खटला भरायचो?" त्यांनी विचारलं.

"दुकानदारावर."

"गिऱ्हाइकावर नाही. पोऱ्यावरही नाही. ज्यानं शिक्का न मारता ठेवलं त्याच्यावर." त्यांनी धागा बोटाला गुंडाळला. "पाटी बिनधाग्याची मी ठेवली. जा, तिला सांग तसं."

"तिला मी माझं सांगते. तुमचं तुम्ही सांगा."

थोरली आत गेली आणि भरल्या घरात, दिराच्या आणि सासूच्या देखत, धाकटीला म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला आणि मघाशी गप्प बसले. तुला हवं ते बोल मला."

धाकटीनं नाक ओढलं. "बोलेन नंतर. आधी ते सूप उतू जातंय, ते बघा."

*

आईंनी हे सगळं पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की आता आपलीही पोतडी उघडायची. बाहेर जाऊन त्यांनी अण्णांना आत बोलावलं.

"बियाणं संपलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वन्संकडे आहे."

घरात सहा वर्षांत कुणी हा उल्लेख केला नव्हता. अण्णांची धाकटी बहीण, मोठ्ठ्या अंगाची, मोठ्ठ्या आवाजाची, शाळेची बस चालवणारी, आणि लहानपणापासून जिचं नाव चिमणी पडलं होतं ती. या दोघा भावंडांच्या म्हाताऱ्या आईच्या आजारपणात तिनं रोज फोन करून विचारलं, येऊ का? आणि त्या शेवटच्या दुपारी अण्णांनी आईच्या नाडीवर बोट ठेवून, घड्याळ लावून ठोके मोजून सांगितलं, घाई नाही, सकाळी ये. आई दिवेलागणीलाच गेली. चिमणी आली, अंत्यविधी उरकला, आणि जाताना एवढंच म्हणाली, "तुझं मोजमाप तुझ्यापाशी ठेव." त्यानंतर ती या घरी आली नव्हती.

"तिच्या लग्नात सासूबाईंनी तिला ओंजळभर दिलं होतं," आई सांगत होत्या. "ती दरवर्षी लावते. यंदाही लावलाय. चांगला झालाय म्हणाली."

"तुला म्हणाली?" अण्णांनी विचारलं. "कधी?"

"गुरुवारी."

"कुठल्या?"

"दर गुरुवारी."

अण्णा बायकोकडे बघत राहिले. "गुरुवारी तू पुस्तक बदलायला जातेस."

"जाते ना. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते आणि फोन करते." आईंनी थोरलीकडे पाहिलं. "चहाही मिळतो तिथं."

थोरलीनं छताकडे पाहिलं. आतापर्यंत घास तोंडात धरून बसलेल्या धाकट्याला ठसका लागला.

"म्हणजे सहा वर्षं," अण्णा म्हणाले, "उशाशी ते एकच जाडजूड पुस्तक दिसतंय, ते त्यामुळे होय. मला वाटायचं, तुला वाचायला वेळ लागतो."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे म्हटलं, की धाकटीला हसू आवरेना. ती तोंडावर पदर नाही म्हणून टॉवेल धरून हसली, आणि मग आई हसल्या, आणि थोरलीही. अण्णा एकटेच उभे होते, पण त्यांच्या कपाळावरची आठी मघासारखी राहिली नव्हती.

"मग सांग तिला," ते म्हणाले. "थोडं पाठव म्हणावं."

"मी नाही सांगणार. सहा वर्षं तुमची खुशाली तिकडे पोचवली, तेवढं टपाल पुरे झालं. मागायचं तर तुम्ही मागा." आईंनी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला. फोन वाजत होता.

"बोल गं वहिनी, आज रविवारी कशी काय?" पलीकडून आवाज आला. तो आवाज असा, की स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू गेला.

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"दादा."

आईंनी गॅस बारीक केला.

"बियाणं संपलं," अण्णा म्हणाले. "शिजवलं आम्ही. चुकून. बाराच्या बारा."

फोनमधून कसलासा आवाज येऊ लागला. आधी अण्णांना वाटलं, ती रडतेय. मग कळलं, हसतेय.

"आजीचं बियाणं शिजवलंत? तुझ्या घरात? तू असताना?" तिला धाप लागली. "लागतंय कसं?"

"मी खाल्लं नाही."

"खा की. कुणी खाल्लंय ते आजवर?" मग तिचं हसू ओसरलं. थोडं थांबून, अगदी वेगळ्या आवाजात तिनं विचारलं, "कणसं आहेत माझ्याकडे. कधी आणू? सकाळी येऊ?"

आईंनी डोळे मिटले. तो शब्द तिनं मुद्दाम वापरला होता, हे त्यांना समजलं. अण्णांनाही समजलं असावं, कारण ते भिंतीला टेकले.

"सकाळी नको," ते म्हणाले. "आत्ता ये, चिमणे."

*

पावणेदोन तासांत गाडी फाटकाशी थांबली. जेवणं थांबवून ठेवली होती. चिमणी उतरली ती खांद्यावर गोणपाट घेऊनच. भावाशी एक शब्द न बोलता घरात शिरली आणि गोणपाट टेबलावर उलटं केलं. पंधरा वीस कणसं घरंगळली.

अण्णांनी एक उचललं. वाळलेली पानं मागे ओढली आणि त्यांचा चेहरा पडला. आठ ओळी होत्या, कणीसही तसंच बुटकं आणि टपोरं, पण पांढऱ्या दाण्यांत पिवळे दाणे, मधूनच एखादा जांभळा. दुसरं सोललं. तेही तसंच.

"भेसळ आहे," ते म्हणाले.

"शेजारी आहेत मला," चिमणी म्हणाली. "एक पिवळा लावतो, पलीकडची जांभळा लावते. वारा सगळ्यांचा. मी काय कुंपणावर चादर बांधू?"

"पण आजीचा मका..."

"आजीचाच आहे. दिसतोय ना मधे."

धाकटी हात पुसत पुढे आली. तिनं एक कणीस खिडकीपाशी नेलं, डोळे बारीक करून न्याहाळलं. दातांच्या पांढऱ्याच्या सोळा छटा ओळखणं हे तिचं रोजचं काम होतं.

"अण्णा, हे पांढरे दाणे निराळे काढता येतील. मी सकाळी बारा कणसं हाताळलीत, तो रंग माझ्या डोळ्यात आहे. किंचित निळसर झाक होती त्याला. हा बघा, हा तसा आहे. हा मात्र नाही, यात लोण्याची छटा आहे."

अण्णांनी चष्मा लावला. त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. तीस वर्षं आपल्या नजरेवर विसंबलेल्या माणसानं क्षणभर विचार केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"तू सांग. मी वेचतो."

दोघं वेचायला बसली. थोरलीनं तीन वाट्या आणून मांडल्या आणि तीही बसली. धाकटीनं सरकून तिला जागा दिली. दाणे टपटप वाटीत पडत होते. चिमणी उभ्याउभ्याच भावाच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघत होती.

"माझं त्या दिवशी चुकलं," अण्णा म्हणाले. मान वर केली नाही, बोटं दाणे काढतच होती. "नाडी सत्तर होती. मी दोनदा मोजली. मला वाटलं, रात्र निघेल. तू विचारत होतीस आणि मी घड्याळ बघत होतो. तुला यायला सांगायला काय जात होतं माझं? रोज आठवतं ते मला."

चिमणीनं खुर्चीची पाठ धरली. बसच्या आरशातून मागच्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण आता तिची नजर वाटीतल्या दाण्यांवरून हलेना.

"मला वाटायचं, तुला काहीच वाटलं नाही," ती शेवटी म्हणाली. "एवढंच लागलं होतं मनाला. सहा वर्षांत एकदा फोन नाही केलास."

"काय बोलणार होतो?"

"आत्ता बोललास तेच." तिनं डोळे पुसले आणि त्याच हातानं त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. अण्णांच्या हातातले दाणे चुकीच्या वाटीत सांडले. "सरक तिकडं. आणि कुणीतरी मला जेवायला वाढा. रस्ताभर तुमच्या त्या शिजवलेल्या बियाण्याचाच विचार करत आलेय."

मग पंगत अशी नाही, पण टेबलाभोवती दाटीवाटीनं सगळे बसले. सूप वाफाळतं होतं, चकत्या दुसऱ्यांदा तव्यावर टाकाव्या लागल्या, कारण पहिल्या धाकट्यानं उभ्याउभ्या संपवल्या होत्या. भरड्याचं पातेलं मधोमध आलं. धाकटीनं सगळ्यांना वाढलं आणि सासऱ्यांच्या ताटाशी येऊन थबकली.

"वाढ," अण्णा म्हणाले.

त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. सगळे बघत होते.

"पिढ्यान्‌पिढ्या टांगून ठेवत आलो," ते हळूच म्हणाले. "इतकं गोड असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं."

"म्हणजे पुढच्या वर्षी चोवीस ठेवा," धाकटी म्हणाली. "बारा पेरायला, बारा मला."

एवढ्यात थोरला आला, गणवेशातच, आणि दारातूनच म्हणाला, "बाहेर आत्याची गाडी कशी काय?" त्याला उत्तर द्यायला पाच जणांनी एकदम तोंड उघडलं आणि त्याला काहीच कळलं नाही. थोरलीनं त्याला ताट वाढलं आणि सांगितलं, आधी जेव.

ऊन कलल्यावर चिमणीनं परस बघायला मागितलं. ताटं आडवी पडली होती, माती उघडी दिसत होती. निळसर झाकेचे पांढरे दाणे दोनशेच्या वर निघाले होते. अर्धे इथं, अर्धे तिच्याकडे, असं ठरलं. अण्णांना शेजाऱ्याच्या कुंपणापासून दूर, कोपऱ्यात चौकोनी वाफा करायचा होता. धाकटी कागद पेन्सिल घेऊन आराखडा काढत होती. थोरलीनं तिच्या खांद्यावरून वाकून तो बघितला आणि कडेला दिशा लिहिल्या.

"टेप आणतो," अण्णा म्हणाले.

"टेप कशाला? मी मोजते." चिमणीनं चपला काढल्या आणि भिंतीपासून पावलाला पाऊल लावत चालू लागली. मोठ्यानं आकडे म्हणत ती थेट पेरूच्या झाडापर्यंत गेली. "अकरा."

अण्णा मागून चालत आले होते. त्यांनी तिच्या पावलांकडे पाहिलं, मधे मधे सुटलेल्या बोटभर जागा पाहिल्या. ही साडेअकरा पावलं होती, फार तर बारा. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. धाकटी पेन्सिल रोखून थांबली.

"किती लिहू, अण्णा?"

"अकरा लिही," अण्णा म्हणाले, आणि चपला काढून बहिणीशेजारी उभे राहिले. "चल चिमणे, आता रुंदी मोजू."